‘छान वाजवलं’च्या पुढे: ऑल-एज ड्रम कोअर स्पर्धेची समीक्षा कशी लिहावी

ड्रम कोअर म्हणजे पितळी वाद्यं, ड्रम आणि ध्वज घेऊन मैदानावर चालत, रचना बदलत वाजवणारं पथक. त्याचा जुलैतला कार्यक्रम ऑगस्टमध्ये उरत नाही. आठवड्या-आठवड्याला त्यात काहीतरी हलतं. शेवट बदलतो, न जमणारा तुकडा गाळला जातो, एखादी रचना मोडून दुसरी बसवली जाते, ध्वजांचे रंग बदलतात. हंगामाच्या शेवटच्या राष्ट्रीय स्पर्धेचं चित्रीकरण होतं आणि ते जपलंही जातं. पण एखाद्या गावच्या हायस्कूलच्या मैदानावर, दमट शनिवारी संध्याकाळी जे वाजलं, त्याची गुणपत्रकापलीकडे नोंद राहत नाही. गुणपत्रकावर आकडा असतो. काय ऐकू आलं, ते नसतं. प्रादेशिक स्पर्धेची समीक्षा लिहायची ती यासाठी.

मी पुण्यात कॉलेजच्या वर्षांत ताशा वाजवला. नोकरीनिमित्त पेनसिल्व्हेनियात आले तेव्हा शेजारच्या घरातले आजोबा मला पहिल्यांदा अशा स्पर्धेला घेऊन गेले. त्यांनी तरुणपणी बिगुल वाजवला होता. तेव्हापासून दर उन्हाळ्यात जाते आणि लिहिते. इकडच्या मराठी घरांतली मुलं शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये असतात, अनेक शहरांत आपली ढोल-ताशा पथकं आहेत. त्यामुळे ‘मलाही लिहायचंय, सुरुवात कुठून करू?’ असं विचारणारे भेटतात. हा लेख त्यांच्यासाठी.

आधी समजून घ्या: हे कोण वाजवतंय

अमेरिकेत ड्रम कोअरची मुळं माजी सैनिकांच्या संघटनांत आहेत. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकन लीजन आणि व्हीएफडब्ल्यू (व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स) या संघटनांच्या गावोगावच्या शाखांनी बिगुल आणि ड्रमची पथकं उभी केली. पुढे त्याला दोन फांद्या फुटल्या. एक तरुणांची. ड्रम कोअर इंटरनॅशनल, म्हणजे डीसीआय, १९७२ पासून त्यांची राष्ट्रीय स्पर्धा घेते. तिथं विशीच्या सुरुवातीलाच वयोमर्यादा संपते. ही मुलं उन्हाळाभर बसने देश पालथा घालतात, शाळांच्या जिममध्ये जमिनीवर झोपतात आणि सराव हेच त्यांचं दिवसभराचं काम असतं.

दुसरी फांदी प्रौढांची. ड्रम कोअर असोसिएट्स ही त्यांची संघटना १९६३ मध्ये स्थापन झाली. या फांदीला आधी ‘सीनियर’ म्हणत, नंतर ‘ऑल-एज’, म्हणजे सर्व वयांची, हा शब्द रूढ झाला, आणि २०२४ च्या हंगामापासून ही पथकं डीसीआयच्या छत्राखाली ऑल-एज वर्गात उतरतात. न्यू जर्सीतलं हॉथॉर्न कॅबालेरोस १९४६ चं, पेनसिल्व्हेनियातलं रेडिंग बकनियर्स १९५७ चं. म्हणजे एकाच घरातल्या तीन पिढ्या एका पथकातून गेलेल्या असू शकतात.

ऑल-एजमध्ये हायस्कूलमधली मुलगी आणि साठी ओलांडलेले गृहस्थ एकाच ओळीत उभे असतात. नर्स, सुतार, शिक्षक, ट्रकचालक अशी सगळी मंडळी. सराव बहुतेक शनिवार-रविवारी. त्यासाठी काही जण दोन-तीन तास गाडी चालवून येतात. समीक्षकाला हे ठाऊक असलं पाहिजे, पण त्याची सवलत करू नये. ‘नोकऱ्या सांभाळून करतात, त्या मानाने बरं’ हे वाक्य मी कधीच लिहीत नाही. त्यांना दया नको असते, ऐकणारा कान हवा असतो. या माहितीचा उपयोग वेगळाच आहे. आठवड्याला दोनच दिवस सराव करणाऱ्या पथकाने त्या दिवसांत कशाला प्राधान्य दिलं, ते मैदानावर दिसतं. पहिली पाच मिनिटं लखलखीत आणि शेवटची तीन विस्कळीत असतील, तर शेवट नुकताच बसवला आहे हे ओळखा आणि तसं लिहा.

जाण्यापूर्वी

दोन गोष्टी पुरतात. पथकांचा क्रम आणि प्रत्येकाच्या कार्यक्रमाचं सूत्र. सूत्र पथकं स्वतःच जाहीर करतात. ते एकदा वाचा आणि बाजूला ठेवा. मैदानावर जे दिसलं त्यातून सूत्र उमगलं का, हा प्रश्न तुमच्याकडे शिल्लक राहायला हवा. आदल्या आठवड्याचे गुण मात्र पाहू नका. कान आधीच कौल देऊन बसतो.

सोबत वही, दोन पेन्सिली, सेकंद दाखवणारं घड्याळ आणि पावसाळी जाकीट. जोराचा पाऊस किंवा वीज असेल तर कार्यक्रम छपराखाली हलतो आणि पथकं उभ्यानेच वाजवतात. तसं झालं तर घरी परतू नका. हालचाल वगळून फक्त नाद ऐकण्याची संधी क्वचित मिळते. मोबाइलवर चित्रीकरण करू नका. संगीताच्या हक्कांमुळे त्याला सहसा मनाई असते, आणि पडद्यातून पाहणारा माणूस समोरचं मैदान पाहतच नाही.

दीड-दोन तास आधी पोचा आणि सरळ पार्किंगकडे चला. तिथं पथकं अंग मोकळं करत असतात. हॉर्नवाले, म्हणजे पितळी वाद्यं फुंकणारे, अर्धवर्तुळात उभे राहून लांब सूर धरतात, ड्रमवाले एका जागी मूलभूत बोल घोटतात. प्रत्येक पथकापाशी पाच मिनिटं उभे राहा. उभ्यानं त्यांचा आवाज कसा लागतो ते कानात साठवा. तासाभराने तेच लोक धावत, मागे चालत, वाकत वाजवतील. हालचालीची किंमत त्यांनी किती मोजली, ते या दोन आवाजांतल्या फरकावरून कळतं. माझ्या समीक्षांतल्या बऱ्याचशा कामाच्या ओळी या फरकातून आल्या आहेत.

कुठं बसायचं

मधोमध आणि उंच. अमेरिकन फुटबॉलचं मैदान दोन गोलरेषांमध्ये १०० यार्ड लांब आणि ५३ यार्डांहून किंचित जास्त रुंद असतं, दर पाच यार्डांवर पांढरी रेषा. मधल्या ५० च्या रेषेसमोर, फार तर ४० च्या आत, स्टँडच्या वरच्या तिसऱ्या भागात जागा धरा. बरेचसे परीक्षकही त्याच भागात वर बसतात.

यामागे हिशेब आहे. उन्हाळ्याच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. मैदानाच्या एका २० यार्डांच्या रेषेपासून दुसऱ्या २० च्या रेषेपर्यंत ६० यार्ड, म्हणजे सुमारे ५५ मीटर. एवढं अंतर कापायला आवाजाला ०.१६ सेकंद लागतात. मिनिटाला १८० ठोक्यांच्या लयीत एक ठोका ०.३३ सेकंदाचा. म्हणजे दोन्ही टोकांची माणसं अगदी एका क्षणी वाजवत असली, तरी एका टोकाला बसलेल्याला दुसरं टोक जवळजवळ अर्धा ठोका मागे ऐकू येईल. त्यात पथकाचा काहीच दोष नाही. कडेला बसून ‘लय सुटली’ असं लिहिणं हा अन्याय आहे, आणि असं लिहिलेलं मी पुष्कळ वाचलं आहे.

याच कारणाने पथकात ऐकण्याचे नियम ठरलेले असतात. लयीचं केंद्र बहुतेक वेळा ताशासारख्या खणखणीत स्नेअर ड्रमची ओळ. तिच्या पुढे उभे असलेले मागून येणारा आवाज ऐकून वाजवतात. मैदानाच्या पुढच्या कडेला मांडलेली मरिंबा-व्हायब्राफोनसारखी पट्ट्यांची वाद्यं आणि टिंपनीचे नगारे वाजवणारी मंडळी तर पूर्णपणे मागचं ऐकण्यावरच असतात. स्नेअरच्या मागे असलेल्यांनी मात्र कान बंद करून, समोर उभं राहून हातांनी लय दाखवणाऱ्या ड्रम मेजरकडे पाहायचं. हे कळलं की लय फाटली तेव्हा कोणी कोणाचं ऐकायला हवं होतं, याचा अंदाज तुम्ही बांधू शकता. मधोमध बसूनही पुढची मरिंबा आणि मागचे ड्रम वेगळे ऐकू आले, तर ती खरी फाट. ती वेळेसकट लिहून घ्या.

वही कशी चालवायची

एका पथकाचा कार्यक्रम दहा-बारा मिनिटांचा. त्यात सगळं टिपता येत नाही, आणि टिपायला गेलात तर काहीच पाहणार नाही. पहिली दोन मिनिटं पेन्सिल खाली ठेवा. एवढा वेळ नुसते प्रेक्षक व्हा. मान कुठं ताठ झाली, कुठं मन भरकटलं ते नंतर आपोआप आठवतं.

त्यानंतर पानाच्या डावीकडे वेळ, उजवीकडे दोन-तीन शब्द. पहिल्या सुरापासून घड्याळ मोजा. ‘४:१० मेलोफोन झाकले’, ‘५:३५ बास तुकडा स्वच्छ’, ‘७:०० वळण चपटं, डावी बाजू’. विशेषणं नकोत. वेळ, कोण, काय, बस्स. पथक मैदान सोडतं आणि दुसरं साहित्य मांडतं, तेवढ्यात पानाच्या तळाशी तीन वाक्यं पूर्ण करा: डोळ्यांसमोरून न जाणारी एक गोष्ट, डळमळलेली एक गोष्ट, आणि न सुटलेला एक प्रश्न. चौथ्या पथकानंतर पहिल्याचं काहीही आठवत नाही, हे मी खात्रीने सांगते.

ऊन-सावलीही टिपा. पहिलं पथक उन्हात उभं असतं, शेवटचं दिव्यांखाली. उष्णतेने ब्रासचे, म्हणजे पितळी वाद्यांचे, सूर चढतात, तर मरिंबा-व्हायब्राफोनच्या पट्ट्या किंचित उतरतात. संध्याकाळी सहाला या दोघांत फट ऐकू आली, तर साडेनऊच्या पथकाशी तुलना करताना ते ध्यानात असू द्या.

हॉर्न ऐकताना

हॉर्नलाइनमध्ये चार थर असतात. ट्रम्पेट वर, मधे मेलोफोन, खाली बॅरिटोन आणि युफोनियम, आणि सगळ्यांत खाली खांद्यावर पेललेले कॉन्ट्रा. नवख्याचा कान ट्रम्पेटकडे जातो. तो जाणीवपूर्वक खाली ओढून आणा. आधी कॉन्ट्रा शोधा. पाया ऐकू येतोय का? मग मेलोफोन. दणक्याच्या जागी तेच सर्वांत आधी गडप होतात. पाया भक्कम असेल तर वरचा ट्रम्पेट कितीही उंच गेला तरी टोचत नाही.

सूर जुळलेत का, ते लांब धरलेल्या स्वरांत ऐका. तानपुरा जुळवताना तारा जवळ येऊ लागल्या की जी लाट जाणवते आणि जुळल्यावर विरते, तीच लाट इथंही ऐकू येते. स्वरसमूह धरला आणि लाट विरली नाही, तर कुठल्यातरी दोन थरांत अंतर आहे. कुठल्या, ते नाही कळलं तरी चालेल. ‘शेवटचा धरलेला सूर हलत राहिला’ इतकंही पुरतं.

सुरुवातीपेक्षा सूर सोडण्याकडे जास्त लक्ष द्या. मोठ्या आवाजातला स्वर सगळ्यांनी एका क्षणी तोडला, तर समोरच्या रिकाम्या स्टँडवरून प्रतिध्वनी स्वच्छ परत येतो. कोणी रेंगाळलं, तर त्या शांततेला शेपूट राहते. फार मोठं वाजवताना आवाज फाटतो का, आणि मागे चालत हळू वाजवताना थरथरतो का, हेही पाहा. मागे चालताना माणूस चवड्यांवर असतो. पोटऱ्या थकल्या की ती थरथर थेट श्वासात उतरते.

आणखी एक. ब्रासचा आवाज भोंग्याच्या दिशेने जातो. पथक पाठमोरं असताना आवाज मऊ झाला म्हणून ‘जोर कमी पडला’ असं लिहू नका. पाठमोरं असण्याची ती जागा रचनाकाराने मुद्दाम निवडलेली असू शकते. पुढे वळल्यावर काय उलगडलं, त्यावरून ठरवा.

ड्रम: इथं ताशेवाल्याचा कान कामी येतो

ताशाचं पान ताणून बसवलेलं असतं, काड्या बारीक असतात, म्हणून चूक लपत नाही. मार्चिंग स्नेअरचंही तसंच. केव्हलारचं घट्ट ताणलेलं पान वापरायला लागल्यापासून प्रत्येक काडीचा ठोका सुटा ऐकू येतो. आठ-नऊ स्नेअर वाजत असतील आणि एकच माणूस वाजवतोय असा भास झाला, तर ती ओळ पक्की. कडेला मळ जाणवू लागला, प्रत्येक ठोक्याभोवती धूळ उठल्यासारखा, तर काड्या एका वेळी पडत नाहीत. इकडेही त्याला ‘डर्ट’च म्हणतात.

कानाला खात्री नसेल तर डोळ्यांनी पडताळा. काड्यांची उंची पाहा. बारीक ठोके पानापासून दोन-तीन इंचांवरून, जोराचे त्याच्या तीन-चार पट उंचीवरून. सगळ्यांच्या काड्या एकाच उंचीवर चढत-उतरत असतील तर आवाजही सारखा येतो.

माझा जीव मात्र बास ड्रमवर. आपल्याकडे ढोलांची अख्खी रांग एकच ठोका घालते आणि त्या एकत्र ठोक्यातच तिची ताकद असते. इथं उलटं आहे. साधारण पाच बास ड्रम, प्रत्येकाचा आकार आणि सूर वेगळा, आणि एकच धावता बोल पाच जणांत अक्षराअक्षराने वाटलेला. एकाने ‘ता’ म्हणायचं, दुसऱ्याने ‘की’, तिसऱ्याने ‘ट’, आणि ऐकणाऱ्याला सलग शब्द ऐकू यायला हवा. एकाच्या हाताला किंचित घाई झाली की शब्द तुटतो. हा तुकडा जमतो तेव्हा आवाज ओळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाहत गेल्यासारखा वाटतो. तो जमला की नाही, हे प्रत्येक समीक्षेत लिहाच. ज्यांनी हिवाळाभर त्यावर घाम गाळलेला असतो, त्यांच्याविषयी एरवी कोणी शब्दही लिहीत नाही.

पुढच्या मांडणीला, म्हणजे पिटला, ध्वनिवर्धक असतात. डीसीआयने २००४ मध्ये ध्वनिवर्धन आणि २००९ मध्ये इलेक्ट्रॉनिक वाद्यांना परवानगी दिली. तेव्हापासून तोल बिघडण्याची ही नवी जागा तयार झाली. सिंथेसायझरच्या खर्जाने कॉन्ट्रा झाकले जातात का, ते बघा. जुने रसिक या बदलावर अजूनही नाराज आहेत. मला तो खुपत नाही, पण माणसांनी फुंकून उभा केलेला पाया यंत्राने झाकला की मात्र खुपतो.

चालणं, रचना, ध्वज

नेहमीचं पाऊल पाच यार्डांत आठ, म्हणजे साडेबावीस इंचांचं. मैदानावरच्या पांढऱ्या रेषा त्यासाठी तुमच्या मदतीला आहेत. एखादी सरळ ओळ रेषेवर येऊन थांबते तेव्हा ती सरळ आहे की नाही, हे सगळ्यांनाच दिसतं. खरी परीक्षा थांबण्याच्या दोन-चार पावलं आधी. तेव्हाही अंतरं सारखी असतील तर लोकांना वाट पाठ आहे. थांबल्यावर दोघं-तिघं सरकून जागा दुरुस्त करत असतील, तर त्यांना फक्त मुक्काम पाठ आहे, वाट नाही. वर्तुळं आणि वळणं यांत हे चटकन दिसतं.

ऑल-एजमध्ये एक मोह टाळा. जास्त वयाच्या वादकांच्या गुडघ्यांकडे पाहू नका. चांगले रचनाकार धावायचं काम तरण्यांना देतात आणि ज्येष्ठांना अशा जागी ठेवतात की तिथं त्यांचा सूर कामी येईल. ही वाटणी बेमालूम झाली असेल, तर तीच लिहिण्याची गोष्ट आहे.

कलर गार्ड म्हणजे आपल्या ध्वजपथकाचं लांबचं भावंड. ध्वज, लाकडी रायफल, तलवार आणि नृत्य हे सारं त्यात येतं. रायफल हवेत फिरून हातात येते तेव्हा सगळ्यांचा झेलण्याचा आवाज एक येतो का, ते ऐका. एखादी खाली पडली तर ती नोंदवण्यात काही हशील नाही, सगळ्या स्टँडने पाहिलेलं असतं. पुढे त्या व्यक्तीने ती कशी उचलली, चेहरा पडला का, चार ठोक्यांत पुन्हा ओळीत आली का, ते टिपा. ध्वजांचे कोन एक आहेत का, कापड एका वेळी उघडतं का, आणि मुख्य म्हणजे संगीतात जे चाललंय ते या मंडळींच्या अंगात दिसतं का.

परिणाम

गुणांचा सर्वांत मोठा वाटा याच खात्याला असतो आणि लिहिणाऱ्याची सर्वांत जास्त फसगत इथंच होते. टाळ्या मोजू नका. गावचं पथक असेल तर टाळ्या ठरलेल्याच असतात. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा. कल्पना कळली का? मन हललं का? ते सुंदर होतं का? परीक्षकही साधारण याच तीन अंगांनी पाहतात. प्रत्येक ‘हो’ला एका क्षणाचा पुरावा द्या. कॅबालेरोस लॅटिन बाजाचं वाजवतात ही त्यांची कित्येक दशकांची ओळख. अशा पथकाकडून लोक काय अपेक्षा घेऊन येतात आणि यंदाचा कार्यक्रम त्या अपेक्षेला कुठं भेटतो, कुठं मुद्दाम वळसा घालतो, हे लिहिलंत तर परिणामाविषयी खरं काही सांगितल्यासारखं होईल.

एखादं माजी सदस्यांचं पथक स्पर्धेबाहेर, केवळ सादरीकरणासाठी आलेलं असतं. त्याला याच मापाने मोजू नका. त्यांच्याविषयी लिहिताना त्यांनी काय जिवंत ठेवलं, तेवढं सांगा.

गुण वाचताना

निकाल जाहीर होण्याआधी, स्टँडमध्येच, तुमचा कच्चा क्रम लिहून टाका. मग आकडे ऐका.

डीसीआयची पद्धत अशी. सर्वसाधारण परिणामाला ४० गुण, दोन परीक्षकांचे प्रत्येकी २०. संगीताला ३०: ब्रास, तालवाद्यं आणि संगीत-विश्लेषण यांचे प्रत्येकी २०, त्यांची बेरीज भागिले दोन. दृश्याला, म्हणजे चालणं, रचना आणि ध्वजांनाही ३०, तसेच तीन भाग. समजा एका पथकाला ब्रास १६.४, तालवाद्यं १५.६, विश्लेषण १६.८ मिळाले. बेरीज ४८.८, संगीताचे गुण २४.४. दृश्याचे तीन आकडे मिळून ४८, म्हणजे २४. परिणाम ३३. एकूण ८१.४. यातून एक गोष्ट निघते. ब्रासमधली अर्ध्या गुणाची आघाडी एकूण गुणांत पावच मोजली जाते, परिणामातली मात्र पूर्ण. ‘ब्रास जिंकूनही हरले कसे?’ या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा इथंच असतं. छोट्या स्पर्धांत परीक्षक कमीही असतात, तेव्हा त्या दिवशीचं गुणपत्रक कसं मांडलंय ते आधी पाहा.

१९८३ च्या हंगामापर्यंत पूर्ण गुणांपासून सुरुवात करून चुकीमागे दशांश कापत. १९८४ पासून ती पद्धत गेली. आता काय मांडलं आणि ते किती साधलं, या दोन्हींचे गुण शून्यातून वर चढतात. तुमची समीक्षाही तशीच असू द्या. चुकांची यादी नको. पथकाने किती अवघड काम अंगावर घेतलं आणि त्यातलं किती पेललं, ते सांगा. सोपं निर्दोष वाजवणं आणि अवघड थोडं मळकट वाजवणं यांत मला दुसरं जास्त आवडतं, आणि हे माझं मत आहे असं मी लिहिते.

दोन वेगवेगळ्या स्पर्धांचे आकडे शेजारी ठेवू नका. परीक्षक वेगळे, मैदान वेगळं, हवा वेगळी. एकाच रात्रीतले फरकच तेवढे बोलतात. तुमचा क्रम आणि परीक्षकांचा क्रम जुळला नाही तर तुमचा बदलू नका. कुठं फरक पडला ते पत्रकात शोधा आणि दोन्ही बाजू लिहा.

लिहायला बसल्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळी. त्याच रात्री नको, कारण कानात शेवटच्या पथकाचा दणका असतो. फार उशीरही नको.

‘अमुक पथकाची हॉर्नलाइन दमदार होती, पण दुसऱ्या भागात थोडी गडबड झाली.’ हे वाक्य कुणाबद्दलही खरं ठरेल. आता वहीतल्या नोंदींवरून: ‘पार्किंगमध्ये त्यांचा धरलेला सूर काचेसारखा होता. मैदानावर पहिली चार मिनिटं तो तसाच राहिला. संथ गीतात हॉर्न मागे चालत मैदानाच्या उजव्या बाजूला पसरले आणि तिथं मेलोफोन ऐकू येईनासे झाले, धून ट्रम्पेटपुरती उरली. पुढच्या ड्रमच्या तुकड्यात बासचा बोल दोन्ही वेळा सलग वाहिला.’ हे वाचून न आलेल्या माणसालाही ऐकू येतं, आणि आलेला माणूस तुमच्याशी वाद घालू शकतो. वाद घालता येईल असंच लिहावं.

सगळ्या पथकांना सारखी जागा देऊ नका. ज्याच्याविषयी सांगण्यासारखं आहे त्याला पाच परिच्छेद द्या, एखाद्याला चार ओळी. पण त्या चार ओळींत एक तरी बारकावा असा हवा की पथकाला कळावं, हा माणूस आमच्या वेळी खाण्याच्या रांगेत नव्हता. लहान पथक, तीस-चाळीस माणसांचं, संध्याकाळी सर्वांत आधी उतरतं तेव्हा स्टँड अर्धा रिकामा असतो. त्यांच्या वेळी जागेवर असणं हे मी समीक्षकाचं पहिलं कर्तव्य मानते.

एकल वादकाचा सूर निसटला तर त्याचं नाव, वय, वर्णन लिहू नका. ओळीत शाळकरी मुलंही असतात. चुकीचं कारणही तर्काने चिकटवू नका. ‘सराव कमी पडला’, ‘शिक्षकांनी लक्ष दिलं नाही’ असं लिहिण्याचा अधिकार स्टँडमध्ये बसलेल्याला नाही. ऐकू आलं तेवढं लिहा. मजकूर पूर्ण झाला की एकदा मोठ्याने वाचा, आणि पथकातला कोणी समोर बसला आहे असं समजून वाचा. जे वाक्य तोंडावर म्हणता येणार नाही, ते काढा. कडक वाक्य ठेवायला हरकत नाही. तोंडावर म्हणता येण्यासारखं कडक असावं.

ती वही जपून ठेवा आणि जमेल तर तेच पथक ऑगस्टमध्ये पुन्हा ऐका. एका जुलैत माझ्या वहीत होतं: ‘६:२०, कॉन्ट्रा वरपर्यंत पोचत नाहीत, पाठमोरे.’ पार्किंगमध्ये कॉन्ट्रा उतरवत असलेल्या, पन्नाशीच्या एका बाईंनी मला नेमकं तेच विचारलं, त्या जागी आमचा सूर वर ऐकू आला का? मी वही दाखवली. त्या म्हणाल्या, आम्हालाही तसंच वाटतंय, खालून कळत नाही. पाच आठवड्यांनी दुसऱ्या गावी मी तशीच मधोमध, तशीच उंच बसले होते. या वेळी कॉन्ट्रा चार पावलं आधीच पुढे वळले, आणि तो खर्ज स्टँडच्या शेवटच्या ओळीपर्यंत आला. वहीत लिहिलं: ‘६:२०, पोचला.’